दोघीत राणी, पाचीत मोलकरीण

नर्सबाईंनी मला पत्ते शिकवले, हे मी माझ्या सुनेला तिच्या लग्नानंतर चार वर्षांनी सांगितलं. ती म्हणाली, "रमी का, आई?" म्हटलं, "नाही गं, तीन पत्ती." तिच्या हातातली पोळी तव्यावरच करपली. तिला वाटायचं, सासू रोज दुपारी दोनला भजनाला जाते. आता भजनाला जाते असं मी कधी म्हटलं नव्हतं, बरं का. तिनंच तसं समजून घेतलं होतं आणि मी तो समज मोडला नव्हता, एवढंच.

तर नर्सबाई. त्यांना नाव होतं, आडनावही होतं, पण श्रीगोंद्यात कोणी त्यांना नावानं हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. अर्ध्या गावाला त्यांनी या जगात ओढून काढलेलं. जन्मल्या जन्मल्या जिनं आपल्याला उलटं धरून चापट मारली, तिला नावानं कशी हाक मारणार? मूळच्या त्या राजूरकडच्या, आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या. बदल्या होत होत शेवटी आमच्याकडे आल्या, इथंच रिटायर झाल्या आणि स्टँडच्या मागे दोन खोल्या बांधून राहिल्या. लग्न केलं नाही. का नाही केलं विचारलं की म्हणायच्या, "रातीचं बोलावनं आलं का उठून जायाचं. कोन नवरा ऐकून घील? आन ऐकून घेनारा मिळाला आसता, तर त्यो माझ्या काय कामाचा?"

रिटायर होऊन किती वर्षं झाली, तरी अंगावर पांढरी साडी, तीही इस्त्रीची. पत्त्याला हात लावायच्या आधी साबणानं हात धुवायच्या, कोपरापर्यंत. आम्हालाही धुवायला लावायच्या. "पत्ते आठ हातांत फिरत्यात, दहा हातांत फिरत्यात. एकीला खरूज झाली का पाचींना." मग चटईवर पत्ते यायचे आणि डालड्याच्या जुन्या डब्यातून चिंचोके. प्रत्येकीला ओंजळभर. चार वाजले की सगळे चिंचोके परत डब्यात. जिंकलेला एकसुद्धा घरी न्यायचा नाही. एकदा मी चुकून कमरेला लावून एक नेला, तर दुसऱ्या दिवशी मला डाव मिळाला नाही, नुसतं बसून बघायची शिक्षा.

खेळणाऱ्या आम्ही पाच जणी. बाई, मी, शिवणकाम करणारी शकीलाभाभी, पिठाच्या गिरणीवाली मंदाताई आणि शाळेतून रिटायर झालेल्या कांबळे टीचर. खेळ बहुतेकांना ठाऊक असेल, तरी सांगते. प्रत्येकीला तीन पानं. पानात दम असेल तर पुढं चिंचोके सरकवायचे, नसेल तर पानं पालथी टाकून गप्प बसायचं, त्याला पॅक होणं म्हणतात. सरकवत सरकवत शेवटी दोघीच उरल्या, की एक दुसरीला म्हणू शकते, दाखव. पण दोघीच उरल्या तरच. तिघी-चौघी डावात असल्या तर कोणी कोणाला दाखव म्हणू शकत नाही. काही ठिकाणी शेजारणीला हळूच पान विचारायची सोय असते, ती बाईंनी बंद केली होती. "कुजबूज नगं. बाळंतिणीच्या खोलीत कुजबूज आन पत्त्यात कुजबूज, दोन्हीनी वाटोळं."

बाईंचं सगळं शास्त्र याच्यावरच उभं. म्हणायच्या, "दोघींचा डाव आन पाचींचा डाव, ह्ये एक खेळ न्हाईत. दोन येगळे खेळ हायेत. दोघीत धाक चालतो. म्होरं एकच बाई, तिला भ्या दाखव, ती पळती. पाचीत कुनाकुनाला भ्या दाखवशील? तिघी पळतील, चौथीच्या हातात खरंच पान आसंल. आन नसंल पान, तरी चौघींत एक तरी अशी आसती का नुसतं बघाया म्हनून थांबती."

"मी न्हाई बघाया थांबत," मंदाताई म्हणायची.

"तुझंच तर सांगतीय."

मला जोडी आली की मी हुरळायचे. दोन राण्या हातात आल्या की माझं तोंडच फुलायचं म्हणे, मंदाताईला लांबून कळायचं. बाई मला जोडीबाईच म्हणायच्या. "जोडीबाई, किती जनी हाईत डावात?" "पाच." "मग ठिव खाली. जोडी दोघीत राणी, पाचीत मोलकरीण. एवढ्या जनी चिंचोकं टाकाया लागल्यात म्हंजे कुनापाशी तरी तुझ्यापरीस बरं हाय. आन कलर, म्हंजे तिन्ही पानं एकाच रंगाची, धरलास तर एक्क्याचा धर. गर्दीत दोघींना कलर लागतो, धाकटा घिऊन बसलीस का धुऊन निघशील." मला हे पटायला दोन वर्षं लागली. हातात आलेली चांगली गोष्ट नुसती माणसं जास्त आहेत म्हणून सोडायची, हे बाईमाणसाला अवघड जातं. आधीच चांगलं येतं किती!

हे शास्त्र त्या शिकल्या राजूरला. पावसाळ्यात घाट बंद झाला की दवाखान्यात पेशंट यायचे नाहीत. मग ड्रायव्हर, कंपाउंडर, मलेरियाचा फवारणीवाला आणि शिपाई असे चौघं पत्ते कुटायचे. पहिले दोन महिने बाई नुसत्या बघायच्या. तिसऱ्या महिन्यात म्हणाल्या, मला वाटा. चौघं हसले. "हसू दिलं मी. चार गड्यांत एकटी बाई, तिनं धाक दाखवून काय हुतंय? मी नुसती पानं टाकीत ऱ्हायले, टाकीत ऱ्हायले. गड्यांना वाटलं, भित्री हाय. मंग एक दिवस पान आलं." पुढचं त्या सांगायच्या नाहीत, नुसत्या हसायच्या. शेंगदाण्याचं टरफल उडवल्यासारखं हसू होतं त्यांचं, फुर्र करून.

बाळंतपणातही हेच लावायच्या. एका घरात म्हणे एका बाळंतिणीभोवती पाच म्हाताऱ्या. एक म्हणते दार लावा, एक म्हणते उघडा, एक म्हणते काढा पाजा. मी विचारलं, "मग तुम्ही ओरडलात?" "एक सासू आसती तर वरडले आसते. पाचींवर वरडून काय? एक गप हुती, दुसरी बोलती. मी काय बी बोलले न्हाई. पोर काढून दाखवलं. मंग समद्या म्हनल्या, आमीच सांगितलं हुतं."

एकदा पोलीस आला. कोणीतरी कळवलं होतं, स्टँडमागं बायकांचा जुगाराचा अड्डा आहे म्हणून. तरणाताठा शिपाई, दारात उभा राहून चटईकडं बघतोय. बाईंनी डालड्याचा डबा त्याच्या हातात दिला. "घ्या, जप्त करा. पंचनाम्यात लिव्हा, चिंचोकं, भाजलेलं न्हाई, कच्चं." तो अवघडला. बाईंनी त्याला जवळ बोलावून त्याच्या कानामागं बघितलं. "ही खूण माझ्या चिमट्याची हाय. आईला म्हनावं, नर्सबाईनी इचारलंय." बिचारा जाताना चहा पिऊन गेला.

आणि एक शिकवलं त्यांनी, ते मी पत्त्यांपेक्षा घरात जास्त वापरलं. शेवटी बोलायची पाळी आली तर ती जागा सोन्याची. "चौघींची पानं फुकट वाचाया मिळत्यात." माझ्या लेकीला बारावीनंतर नगरला पाठवायचं होतं. सासरे, दोन दीर, जाऊ आणि आमचे हे, सगळे बसले. आधीची मी असते तर पहिलं वाक्य माझं आणि दुसऱ्या वाक्याला माझं रडणं. त्या दिवशी मी नुसती सुपारी कातरत बसले. एक म्हणाला लांब आहे, दुसरा म्हणाला राहायचं कुठं, सासरे म्हणाले मुलगी शिकली पाहिजे पण, आणि त्या 'पण'वर दोघा दिरांची आपसांत जुंपली. सगळे दमल्यावर मी म्हटलं, "माझी बहीण तिथंच आहे, तिच्याकडं राहील." लेक गेली. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "पान हुतं, म्हनून जमलं. बहीण नसती तर कितीबी शेवटी बोलली आसतीस तरी धुतली आसतीस."

असं सगळं चाललेलं, आणि मग बाई ब्लाइंड खेळायला लागल्या.

ब्लाइंड म्हणजे आपली पानं न बघताच चिंचोके सरकवायचे. बघितलेल्या बाईपेक्षा निम्मेच टाकावे लागतात, तेवढा फायदा. पण ज्या बाई म्हणायच्या, पाचीत ब्लाइंड खेळणं म्हणजे डोळे मिटून एसटीखाली जाणं, त्याच बाई रोज पानं पालथी ठेवून, वर तळहात ठेवून, "ब्लाइंड" म्हणायला लागल्या. आम्ही विचारलं तर म्हणाल्या, "म्हातारपनी जरा मजा करू दे की."

मला कळलं ते एका सकाळी. मी कढी घेऊन गेले होते. दारात उभी राहिले, मागून ऊन. बाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "कोन हाय?" मी बोलले तशा लगेच म्हणाल्या, "तू व्हय, उन्हात डोळं दिपलं गं." मग कपात चहा ओतला तो निम्मा बशीत आणि निम्मा फरशीवर. फडकं घ्यायला उठल्या, तर पावलं मोजल्यासारखी टाकली. मी फरशी पुसली आणि काहीच बोलले नाही.

का बोलले नाही, तेही सांगते. बाईंचा एक भाचा होता, भावाचा मुलगा, नाशिकला. चांगला मुलगा. महिन्यातून एकदा यायचा आणि दर वेळी म्हणायचा, आत्या, चल आता माझ्याकडं. बाई दर वेळी म्हणायच्या, माझं सगळं ठीक हाय. मला एकदा म्हणाल्या होत्या, "चौथ्या मजल्यावर ऱ्हातो त्यो. खिडकीतनं खाली बघायचं आन संध्याकाळची वाट बघायची. मी हिथनं जायाची न्हाई. पर एक दिवस माझं काय तरी बिघडलं, का त्यो मला उचलून न्हेईल, आन त्याचं बी चुकत न्हाई." आता तेच बिघडलं होतं. भाच्याला कळलं की बाईंना दिसत नाही, तर त्याच आठवड्यात या दोन खोल्यांना कुलूप लागणार होतं.

मग मी काय करणार? पॅक व्हायला लागले. चांगली पानं आली तरी. कारण मी थांबले आणि शेवटी बाई आणि मी दोघीच उरलो, तर दाखवायची वेळ यायची, आणि दाखवायची म्हणजे बाईंना आपली पानं वाचावी लागणार. एकदा तशी वेळ आलीच. बाईंनी पानं माझ्या हातात दिली. "वाच गं, चष्मा आत ऱ्हायलाय." त्यांच्याकडं दोन राण्या आणि एक दश्शी होती. माझ्याकडं दोन राजे. मी दश्शीची राणी केली आणि म्हटलं, "तीन राण्या, बाई. जिंकलात." तीन सारखी पानं म्हणजे ट्रेल, त्यांच्यापुढं जोडीचं काय चालतंय? बाई फुर्र करून हसल्या. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू, आणि ती दश्शी मी पटकन बाकीच्या पानांत सारली.

त्या काळात बाई फार जिंकायच्या. चिंचोक्यांचा ढीग पुढ्यात.

मग सुमन आली. पुणतांब्याची, नवऱ्याची बदली इकडं झालेली, शेजारच्या गल्लीत घर घेतलं. वयानं आमच्यापेक्षा लहान, पण तोंडानं सगळ्यांत मोठी. पोटात आलं की ओठावर, मधे स्टॉप नाही. बाईंनी तिचे हात धुऊन घेतले आणि तिला सहावी जागा दिली.

तिचा चौथा की पाचवा दिवस असेल. असा डाव वर्षातून एकदा पडतो. मी पानं उचलली तर तीन राजे. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात तीन राजे. बाई ब्लाइंड. टीचर पहिल्याच फेरीत पॅक झाल्या, सुमन झाली, मग शकीलाभाभी झाली, मग मंदाताई. उरलो बाई आणि मी. दाखवा म्हणायची पाळी माझी. मी तीन राजांकडं बघितलं. बाईंचा हात पालथ्या पानांवर होता. मी राजे पालथे टाकले. म्हटलं, "पॅक."

"पुन्यांदा!" बाई म्हणाल्या आणि दोन्ही हातांनी चिंचोके चाचपून ओढले.

पिसायची पाळी सुमनची. तिनं सगळी टाकलेली पानं गोळा केली आणि सरळ करायला म्हणून वर तोंड करून धरली. झालं.

"अगं बया! तीन राजं एका जागी? कुनी टाकलं गं तीन राजं? आन ह्ये बघा, तिन्ही बदाम, एक्क्यासकट! ही दोन एक्क्यांची जोडी! काय डोकी फिरली का तुमची? बाईंच्यात तर नव्वी, पंजी, तिर्री हाय. माझ्यापरीस फुटकी!"

शकीलाभाभी बोटात सुई रुतल्यासारखं स्वतःचं बोट चोळत होती. मंदाताई भिंतीकडं बघत होती. मी खाली. सुमन एकेकीकडं बघतेय आणि तिला काही समजत नाहीये.

बाईंनी ओढलेले चिंचोके परत चटईवर सरकवले. मग म्हणाल्या, आणि तो आवाज मी कधी विसरणार नाही, "मला वाटलं, म्हातारपनी मला पान लागाया लागलंय."

उठल्या. भिंतीला हात लावत आतल्या खोलीत गेल्या. आतून म्हणाल्या, "दार वढून घ्या जाताना."

आठ दिवस ते दार बंद. दूधवाल्याला उघडायचं, आम्हाला नाही. दुपारी दोन वाजले की माझे पाय आपोआप चपलांकडं जायचे आणि मग मी चपला पुसून परत ठेवायचे. सून म्हणाली, "आई, भजन बंद झालं का?"

नवव्या दिवशी मंदाताईनं गिरणी बंद करून आम्हाला आत बोलावलं. पिठाच्या धुरळ्यात आम्ही चौघी.

"मी पयल्यांदा सांगते," मंदाताई म्हणाली. "मला दिवाळीपासनं ठाव हाय. दळन न्यायला आल्या आन भरल्या डब्यात पाय."

"दिवाळी?" शकीलाभाभी म्हणाली. "मला त्याच्या आदीच्या रमजानपासून ठाव. ब्लाउज घालून बघायला आल्या, आन आरशाकडं पाठ करून उभ्या. म्हनतात, झकास बसलाय."

टीचर चष्मा पुसत म्हणाल्या, "मी त्यांना रोज पेपर वाचून दाखवते. तुमचा आवाज चांगला आहे, म्हणतात. मला काय कळत नाही? म्हणून तर चांगली पानं आली की मी आधी पॅक."

"म्हणजे आपण चौघी मिळून थापा मारत होतो," मी म्हटलं.

"मिळून कुठं?" मंदाताई उसळली. "मिळून आसतं तर एकीनं पानं टाकली आसती, तिघींनी नीट खेळलं आसतं. आपन येड्यावानी चौघींनीबी टाकली!"

हसू आलं आणि त्याच हसण्यात शकीलाभाभीला रडू आलं. मग ठरवायला बसलो. एक म्हणाली, बीपी तपासायला म्हणून नगरला नेऊ आणि डोळ्यांच्या डॉक्टरपुढं बसवू. दुसरी म्हणाली, फुकट कॅम्प आहे म्हणू. टीचर म्हणाल्या, "पुरे झाल्या थापा."

सुमनला कोणी बोलावलं नव्हतं, पण ती आलीच. पाच जणी जाऊन बाईंच्या ओट्यावर बसलो. दार वाजवलं नाही. बांगड्यांचा आवाज ऐकून असेल, थोड्या वेळानं कडी वाजली. बाई चौकटीत उभ्या. साडीला इस्त्री होती, पण मिऱ्यांवर हळदीचा एवढा मोठा डाग. त्यांना तो दिसला नव्हता.

त्यांनी आमच्या दिशेला तोंड केलं. मला वाटलं, आता शिव्या. पण त्यांनी हळू आवाजात विचारलं, "कोन कोन हाय?"

आमच्या सहा वर्षांच्या खेळात पहिल्यांदा त्यांनी असं उघड विचारलं. आम्ही एकेकीनं आपलं नाव सांगितलं, शाळेत हजेरी देतात तसं. बाई चौकटीतच खाली बसल्या.

"काचबिंदू हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या आईला हुता. गेलेली नजर त्यात माघारी येत न्हाई. डावा तर पार गेला. उजव्यातनं धुकं दिसतं. उगं कशाला नगरच्या चकरा, आन कशाला भाच्याच्या जिवाला घोर?"

"डॉक्टरनं काय सांगितलं?" मी विचारलं.

"डॉक्टर कशाला? मी नर्स हाय."

"म्हणजे दाखवलंच नाहीत?"

बाईंनी पदर सारखा केला. आणि सुमन, जिला आम्ही आठ दिवस मनातल्या मनात बोल लावला होता, ती सुमन म्हणाली, "आवो बाई, मंग तुमी पानं बघितलीच कुठं? न बघता चाल खेळत्यात, ठाव हाय मला. न बघता पॅक हुनारी बाई मी आजवर बघितली न्हाई."

मी डोळे मिटून घेतले. आता दार लागणार. पण बाईंनी मान तिच्या आवाजाकडं वळवली. "पुनतांब्याची ना गं तू?"

"व्हय."

"तिकडचं पानीच खारं." आणि मग, "सकाळची गाडी किती वाजता हाय?"

नगरला (आता नाव बदललंय, पण आमच्या तोंडात नगरच) डॉक्टर तरुण पोरगी होती. तिनं "आजी, इकडं बघा" म्हटलं, तर बाई म्हणाल्या, "आजी नगं. सिस्टर म्हना." ती हसली, मग शेवटपर्यंत सिस्टरच म्हणाली. तपासून सांगितलं, "डाव्या डोळ्याचं तुम्ही बरोबर ओळखलंत. तिथं काही होणार नाही. पण उजव्यातलं धुकं काचबिंदूचं कमी आणि मोतीबिंदूचं जास्त आहे. ते काढता येईल. आणि राहिलेली नजर टिकवायला रोज दोन वेळा थेंब, कायमचे." बाई ऐकून घेत होत्या. कोपऱ्यात मंदाताई हात जोडून उभी, डॉक्टरला की देवाला कोण जाणे.

काउंटरवर विचारलं, नातेवाईक कोण? शकीलाभाभी लगेच पुढं झाली, "मी बहीन." बाईंनी तिचा पदर धरून मागं ओढलं. "शकिले, गप. आता खोटं नगं. पोराला फोन लावा."

भाचा रात्रीचा प्रवास करून सकाळी आला. आत्याच्या कॉटशेजारी बसला आणि म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?" बाई म्हणाल्या, "भ्याले." एवढंच. त्यांनी तो शब्द स्वतःबद्दल वापरलेला आम्ही कधी ऐकला नव्हता.

ऑपरेशन चांगलं झालं. पट्टी निघाली, काळा चष्मा आला, भाचा सुट्टी काढून श्रीगोंद्यात राहिला. मग एका सकाळी त्यानं आम्हाला बोलावलं. त्याची बॅग भरलेली होती आणि बाईंचीही एक ट्रंक कॉटखालून बाहेर काढलेली.

"काकू, मला हिला जबरदस्तीनं न्यायचं नाही," तो मला म्हणाला. "पण थेंबांचं काय? रोज दोन वेळा. चुकलं तर हाही डोळा जाईल."

"माझं मी टाकते," बाई म्हणाल्या. बाटली घेतली, मान वर केली. बाटली दाबली आणि थेंब कपाळावर. दुसरा भुवईवर. ज्या हातांनी हजार बाळं झेलली त्यांना एक थेंब झेपेना. भाच्यानं ट्रंकेचं झाकण उघडलं.

"आम्ही टाकू," आम्ही सगळ्या एकदम बोललो.

"एकदम बोलू नका, खोटं वाटतं," बाई म्हणाल्या.

भाच्यानं बाटली माझ्यापुढं धरली. "काकू, टाकून दाखवा."

मी चूल सारवलीय, कपाशी वेचलीय, तीन पोरं वाढवलीत. पण त्या बाटलीनं मला घाम फुटला. बाईंच्या चेहऱ्यावर वाकले. डोळा लाल होता, पण माझ्याकडं बघत होता, खरोखर बघत होता. मी बाटली दाबली. थेंब गालावर.

"काय गं जोडीबाई, गालाला काचबिंदू झालाय व्हय?"

सुमन खुदकन हसली. दुसरा थेंब नाकावर.

"आता नाकाला! सुमे, हसू नगं, उद्या तुझी पाळी हाय. ए, सरळ हुबी ऱ्हा. डावं बोट खालच्या पापनीवर. वढ खाली. अगं वढ, मी काय मोडती का? बाटली डोळ्याला टेकवायची न्हाई, जंतू जात्यात. मी वर बघते. आता माझ्याकडं बघू नको, पापनीकडं बघ. श्वास सोड. सोड म्हनलं ना! आन आता दाब."

थेंब आत गेला. बाईंनी डोळा मिटला, कोपऱ्यावर बोट दाबून धरलं. "एक मिनिट आसंच धरायचं. टीचर, घड्याळ लावा. शकिले, बाटलीचं टोपन कुठं ठिवलं ते बघ, भुईवर नगं. हात धुतलं हुतं का हिनी? कुनी बघितलं?"

भाचा ट्रंकेवर बसून हे सगळं बघत होता. त्याला हसू येत होतं आणि तो ते आवरत होता. मग म्हणाला, "काकू, नाशिकला मी आणि बायको दोघंही दिवसभर कामावर. ही तिथं ओरडणार कोणावर?"

त्यानं ट्रंक कॉटखाली ढकलली, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि प्रत्येक वाराच्या चौकोनात आमची नावं लिहीत गेला. मंगळवार आणि शुक्रवार माझे. रविवार कोणाचा यावरून सुमन आणि मंदाताई भांडल्या.

पुढं तीन वर्षं बाई आमच्यात होत्या. भाचा दर आठवड्याला मला फोन करायचा. "काकू, खरं सांगा, आत्याला दिसतंय ना?"

मी म्हणायचे, "दिसतंय रे. कालच माझ्याकडून हरल्या."

"मग नाराज झाली असेल."

"छे! म्हणाल्या, टाक पिसून."